जानू चिताऱ्याने गिळलेलं नाव

बोधाची गोष्ट सांगा, बोधाची गोष्ट सांगा, म्हणून सकाळपासून माझं डोकं खाल्लंत. बोध ऐकून कुणी सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पण सांगितल्याशिवाय तुम्ही उठायचे नाहीत, म्हणून एकदाच सांगतो. ही गोष्ट गोड नाही. ज्याला गोड पाहिजे त्याने घरी जाऊन गूळ खावा.

एका गावात एक चितारी होता. गावाचं नाव आंबेखोल, चिताऱ्याचं नाव जानू. जानू लाकडाचे फासे घडवी, सोंगट्या कोरी, कापडावर पट रंगवी. हात देवाने दिलेला होता. काळीज मात्र सशाचं.

त्या मुलखात तेव्हा एका खेळाने लोकांना वेड लावलं होतं. खेळाचं नाव सातदरवाजे. एकाने कथा सांगायला बसायचं. बाकीच्यांनी सोंगं घ्यायची. कुणी चोर व्हायचं, कुणी राजपुत्र, कुणी वैदू. कथेत एकामागून एक सात दरवाजे येत. दार उघडतं की दारातच मरण येतं, ते फासे टाकून ठरायचं. हा खेळ नरसूशेटच्या पेढीने काढलेला. कथांची पोथी त्याची, खेळाचं नाव त्याचं. पेटीत सगळं सामान येई. पण फासे हरवतात, सोंगटी कुत्रं पळवतं, पटावर पोर मुततं. म्हणून जादा सामान करणारे कारागीर गावोगाव निघाले. जानू त्यातलाच एक.

आता आंबेखोलच्या बाजाराची रीत सांगतो. ती कान उघडे ठेवून ऐका, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. त्या बाजारात पाट्या नव्हत्या. बहुतेकांना अक्षरओळखच नव्हती, पाटी वाचणार कोण? विकणाऱ्याने चौथऱ्यावर चढायचं आणि हाक द्यायची. आधी माल कुणाच्या हातचा ते सांगायचं, मग तो कशाला चालतो ते. ‘येसू लोहाराचा फाळ, रायबाच्या नांगराला चालतो!’ अशी हाक. दुसऱ्याचं नाव घ्यायला बंदी नव्हती. घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळणार कसं, फाळ बसतो कुठे ते? पण आधी आपलं नाव. ज्याने आपलं सांगितलंच नाही, त्याच्या हाकेत जे नाव येईल, माल त्या नावाचा. कौतुक त्याचं आणि तक्रारही त्याच्याच दारात. हाक म्हणजे तिथला दस्तऐवज होता.

जानू आधी रीतीने हाक देई. “जानू चिताऱ्याचे फासे! सातदरवाजे खेळाला चालतात!”

एकदा नरसूशेट समोरून चालला होता. थांबला. टोपलीतला फासा उचलून बोटांत फिरवला.

“बरा करतोस की रे,” तो म्हणाला. “माझ्या खेळाचं नाव घेतोस ते खुशाल घे. माझी ना नाही. पण तुझं आधी घे. ते तू विसरलास, तर मी विसरायचा नाही.”

“छे छे शेट! असं कसं विसरेन?”

विसरला नाही, हे खरं. त्याने जाणूनबुजून केलं.

झालं असं, की लोक हाकेचं पहिलं अर्धं ऐकूनच पुढे सरकत. कोण जानू? कुठला चितारी? टोपली भरलेली येई, भरलेली जाई. एका बाजारी त्याचा घसा बसला होता. लांब हाक निघेना. त्याने अर्धी हाक टाकून दिली आणि नुसता ओरडला, “सातदरवाज्यांचे फासे!” माणसं मुंगळ्यांसारखी धावली. दुपारच्या आत टोपली रिकामी. पुढच्या बाजारी घसा बरा झाला होता. हाक तीच राहिली.

घरी त्याची बायको सगुणा रंग घोटत बसली होती. ती म्हणाली, “आज हाकेत आपलं नाव ऐकू आलं नाही.”

“घशात राहिलं.”

“गिळलंत म्हणा की.”

“सगुणे, मागणी शेटच्या नावाला आहे. फासे माझे आहेत. बिघडलं काय?”

“बिघडेल तेव्हा सांगेन,” ती म्हणाली आणि पुन्हा रंग घोटू लागली.

मागणी वाढली तशी जानूला घाई झाली. शिवणीचं लाकूड सावलीत धरून सावकाश वाळवावं लागतं. ते वाळेपर्यंत थांबायला आता सवड कुणाला? त्याने ओल्या लाकडाचे फासे केले. वरून लाख दिली, चकचकीत केले. टोपलीत ते इतरांपेक्षा देखणे दिसत. देखण्या गोष्टींना कुणी चिरून बघत नाही.

ते फासे धाकू आणि बुधाजी या दोघा भावांनी नेले. जेवून ओसरीवर खेळायला बसले. लाकूड आतून एका अंगाने आकसलेलं. बुधाजीच्या वाट्याचा फासा पडे तो त्याच अंगावर. बुधाजीचं दान दर वेळी मोठं येऊ लागलं. धाकू म्हणाला, तू लबाडी करतोस. बुधाजी म्हणाला, तू रडका. सख्खे भाऊ, एका ताटात जेवणारे. बुधाजीने हाताला लागला तो नारळ सोलायचा सुळा उचलला. तो धाकूच्या डोळ्यात गेला. डोळा गेला तो गेलाच.

पेठेचे महाजन चौथऱ्यावर बसले. सगळा बाजार गोळा झाला. महाजनांनी फासा कोयत्याने चिरला. आतून ओला, काळपट.

“हे कुणाचे फासे?” महाजनांनी विचारलं.

“सातदरवाज्यांचे,” बुधाजी रडत म्हणाला. “हाक ऐकून घेतले. जानूकडून.”

“माझ्या पेढीतून असला माल निघत नाही,” नरसूशेट म्हणाला. एवढंच म्हणाला.

महाजन जानूकडे वळले. “जानू, तुझ्या हातचे का?”

सगुणा गर्दीत मागे उभी होती. तिने मानेने खूण केली, हो म्हणा. जानूने ती पाहिली. मग त्याने धाकूच्या डोळ्यावरचं फडकं पाहिलं आणि बुधाजीच्या मुठी पाहिल्या.

“मी नुसता विकतो, महाराज,” तो म्हणाला. “माल शेटचा.”

आता ह्याला काय म्हणावं? खोटं बोलायलाही छाती लागते म्हणतात. ह्याला तीही लागली नाही. भीतीने तोंडातून जे सांडलं ते सांडलं.

रीत होती तसा निवाडा झाला. हाकेत शेटचं नाव, म्हणून दोष शेटचा. धाकूला जन्मभर धान्य नरसूशेटने पुरवायचं. बाजार त्याच्याकडे बघून थुंकला. नरसूशेट वाद घालत बसला नाही. जाताजाता जानूजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, “माल माझा म्हणालास ना? बरं. बरं.”

त्या दिवशी जानू सुटला. निदान त्याला तसं वाटलं.

जानू-सगुणेला एक पोर होती. चिमी नाव. देवीच्या साथीत गेली होती. फार दिवस झाले होते त्याला. पुढचा दात तुटलेला, त्यामुळे हसताना हात तोंडावर धरायची. सगुणा तिच्याबद्दल कधी बोलत नसे. पण फाशांच्या त्या प्रकरणानंतर ती बोलू लागली, आणि बोलताबोलता तिने खेळाची एक नवी कथा रचली.

कथा अशी. खेळात ज्याचं सोंग मेलं, त्याने उठून जायचं नाही. त्याच्यासाठी एक नदी. नदीवर होडी, होडीत कंदील घेतलेली एक लहान मुलगी. ती विचारते, “पलीकडे कुणाला भेटायचंय?” तेव्हा खेळणाऱ्याने आपल्या खऱ्या घरातल्या, गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मग ती त्याला पलीकडच्या दरवाज्यापाशी सोडते. तिथून तो कथेत पुन्हा येतो.

सातदरवाजे खेळात असं काही नव्हतं. तिथे मेला तो मेला.

सगुणेने नदीचा पट रंगवला. जानूने होडी कोरली आणि तीत मुलगी. चेहरा चिमीचा. तुटका दातसुद्धा. सगुणेने सोंगटी हातावर घेतली, पदराने पुसली. मग म्हणाली, “हिच्या हाकेत आपलं नाव पाहिजे. बाकी तुमचं काही मागत नाही.”

“देईन.”

“शपथ?”

“चिमीची शपथ,” जानू म्हणाला.

जत्रेचा बाजार भरला. पंचक्रोशी लोटली. जानू चौथऱ्यावर चढला, पट उलगडला, सोंगटी वर धरली. “जानू” एवढा शब्द ओठांपर्यंत आलाही होता. तेवढ्यात समोर पहिल्या रांगेत धाकू बसलेला दिसला. एका डोळ्याने वर बघत होता. जानूच्या मनात आलं, आता म्हटलं की हे माझ्या हातचं, तर हा विचारेल, तू तर नुसता विकतोस ना? मग ते फासे कुणाच्या हातचे? बुधाजीही शेजारीच होता. तो विचारत बसला नसता.

जानूने नाव गिळलं. आणि ओरडला, “सातदरवाज्यांचा नवा दरवाजा! सातदरवाज्यांची होडीवाली पोर!”

बाजार वेडा झाला. लोक तिथल्या तिथे मांडी घालून खेळायला बसले. एक म्हातारी कासारीण पटापाशी आली, तिने आपल्या मुलाचं नाव घेतलं आणि पदर तोंडाला लावून रडली. तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, “काय डोकं आहे! शेटशिवाय हे कुणाला सुचणार?” सगुणा मागेच उभी होती. तिने पट गुंडाळायला घेतला होता, तो हातातून सुटला.

नरसूशेट त्याच संध्याकाळी महाजनांकडे गेला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर पुन्हा तीच माणसं बसली.

“जानू सांगतो त्याप्रमाणे तो माझा माल विकतो,” नरसूशेट म्हणाला. “मग माझा पट, माझ्या सोंगट्या आणि त्यांचे खाके माझ्या हवाली करावेत. पुढे त्या माझ्याच पेढीत होतील. ह्याने पुन्हा करू नयेत.”

“हे माझ्या हातचं आहे, महाराज!” जानू ओरडला. “तो चेहरा माझ्या पोरीचा आहे!”

“हात तुझा असेल,” महाजन म्हणाले. “नांगर बैल ओढतो, म्हणून शेत बैलाचं होत नाही. हाक काय दिलीस?”

महाजन बाजाराकडे वळले.

“लोकहो, हाक काय होती?”

“सातदरवाज्यांची पोर!” बाजार एका तोंडाने म्हणाला.

महाजन वाईट माणूस नव्हते. ते थोडे पुढे वाकले. “हे बघ जानू, एक वाट आहे. तू सांग की तुझ्या चुकीच्या हाकेने आम्ही फसलो. शेटच्या नावाने जे जे विकलंस ते सगळं तुझ्या हातचं. मग हा पट तुझा, ही पोर तुझी. पण सगळं म्हणजे सगळं. ते फासेही.”

धाकू मान वाकडी करून ऐकत होता. एक डोळा गेला की माणूस मान वाकडी करूनच बघतो.

“आमचे!” गर्दीतून सगुणा ओरडली. “ते फासे आमचेच! ओल्या लाकडाचे! मी पाहिलेत करताना!”

“बाई, हाक तू दिली नव्हतीस,” महाजन म्हणाले. “ज्याने दिली त्याला बोलू दे.”

सगुणा पुढे आली. तिने नवऱ्याचे पाय धरले, भर बाजारात. “बोला हो,” ती म्हणाली. “बुधाजी मारील तर दोघं मार खाऊ. धान्य द्यावं लागलं तर मी दळणं करीन. एकदा बोला. चिमीला पुन्हा जाऊ देऊ नका हो.”

जानूने बुधाजीकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

“फासे शेटचेच,” तो म्हणाला.

सगुणेने त्याचे पाय सोडले. ती उठली आणि पदराने हात पुसले.

“डोळा माझ्या नावावर,” नरसूशेट म्हणाला, “तर पोरही माझ्या नावावर.”

पट गेला, सोंगट्या गेल्या, खाके गेले. घरात होती ती पहिली सोंगटीसुद्धा शेटची माणसं घेऊन गेली. सगुणेने ती आपल्या हातांनी दिली. रडली नाही.

शेट काही संत नव्हता. त्याने डाव साधला, हे मलाही कळतं. पण डाव साधायचं हत्यार जानूने धार लावून त्याच्या हातात दिलं होतं.

पुढचं ऐका. पेढीत नवा माल तयार होऊ लागला. पण रडवणारा खेळ लोक किती दिवस खेळणार? नरसूशेटने कारागिरांना सांगितलं, हिला जरा भीतिदायक करा. त्यांनी होडीवाल्या पोरीची हडळ केली. तुटक्या दाताच्या जागी सुळे बसवले. डोळे पांढरे केले. आता ती पलीकडे नेत नसे. नाव विचारी, आणि नाव घेतलं की होडी उलटी करून माणसाला बुडवी. पोरांना ते फार आवडलं. पोरं तिला चिखलात पुरत, दगडाने ठेचत आणि हसत. गल्लीगल्लीत ती हसणारी हडळ झाली.

जानू पेढीवर गेला. “शेट, निदान ते सुळे तरी काढा. ती माझी पोर आहे.”

“कुणाची?” नरसूशेटने विचारलं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. “दोनदा विचारलं तुला भर बाजारात. दोनदा तू काय सांगितलंस?”

जानू परत आला. वाटेत पोरं ओरडत होती, “पळा, होडीवाली आली!” एका पोराने ती सोंगटी त्याच्या पायांवर फेकली. जानूने उचलली नाही. तिला ओलांडून तो घरी आला.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. मनाई होती, पण घरच्या घरी कोण बघतंय? सगुणेसाठी एकच करायची, पहिल्यासारखी. त्याने नीट वाळलेलं लाकूड घेतलं. भर दुपारी, दार लावून, कोरायला बसला. खाका नव्हता. पण स्वतःच्या लेकीच्या चेहऱ्याला खाका कशाला पाहिजे?

हात चालला. कपाळ आलं. गाल आले. जानू मान न उचलता कोरत होता. किती दिवस त्याने रस्त्यात, ओट्यावर, पोरांच्या मुठीत तोच एक चेहरा पाहिला होता. हातालाही आता तोच ठाऊक होता. त्याने फुंकर मारून भुसा उडवला तेव्हा हातात हडळ होती.

त्याने दुसरं लाकूड घेतलं. पुन्हा हडळ. डोळे मिटून आठवू लागला, तर मिटल्या डोळ्यांपुढेही तीच. चिमी कशी हसायची, ते त्याला आठवेना. हसायची का, तेही आठवेना.

सगुणा दार उघडून आत आली. त्याच्या मांडीवरची सोंगटी तिने उचलली, उजेडात धरली, फिरवून पाहिली.

“ही कोण?” तिने विचारलं.

जानू भुसा गोळा करू लागला. तिने सोंगटी चुलीत घातली आणि भाताचं आधण ठेवलं.

तात्पर्य: आपल्या मालावर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं तर खुशाल घ्यावं, पण आपलं आधी आणि मोठ्याने घ्यावं; कारण दोषाच्या दिवशी जो परक्या नावामागे लपतो, त्याचं चांगलंही त्या नावाबरोबर जातं आणि मागायला गेलं तर परत मिळत नाही. इतकी साधी गोष्ट शेंबड्या पोरालाही कळते. ज्याला कळली नाही, ज्याने मला न विचारता आपल्या दुकानावर माझं नाव लावून चार वर्षं धंदा केला, आणि माफी मागायला ज्याचे पाय अजून माझ्या अंगणाला लागलेले नाहीत, तो म्हणजे सीताराम पेडणेकर.